एव्हीएमला ‘हात लावूच नका’? अरुबा अभ्यास असं सांगत नाही

“मेंदूत एव्हीएम, म्हणजे रक्तवाहिन्यांचा गुंता सापडला तर उपचार करू नका, धोका तिप्पट होतो,” असा मेसेज फिरतोय.

आकडा हवेतला नाही. २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या अरुबा चाचणीत सरासरी ३३ महिन्यांत स्ट्रोक किंवा मृत्यूचं प्रमाण नुसत्या औषधांच्या गटात १०.१ टक्के, तर गुंत्यावर उपचाराच्या गटात ३०.७ टक्के होतं. मेसेजने गाळलंय ते पुढचं. चाचणीत फक्त कधीही रक्तस्राव न झालेले रुग्ण होते. गुंता एकदा फुटला असेल तर हा निष्कर्ष लागूच नाही. शिवाय ऑपरेशन, कॅथेटरने (बारीक नळीने) नस बुजवणं, रेडिओसर्जरी (गुंत्यावर नेमक्या किरणांचा मारा) हे सगळं एकाच गटात. निव्वळ ऑपरेशनवाले मोजकेच.

आणि ३३ महिने म्हणजे कितीसे? उपचारातला धोका बराचसा सुरुवातीलाच दिसतो, फुटण्याचा धोका मात्र दरवर्षी साचत जातो. त्यामुळे पंचविशीतली मुलगी आणि सत्तरीतले आजोबा यांचं गणित वेगळं. गुंत्याचा आकार, जागा, रक्त खोलवरच्या शिरांत उतरतं का, हेही बघावं लागतं.

हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका. रिपोर्टमध्ये एव्हीएम आलं असेल तर अँजिओग्राफीची सीडी न्यूरोसर्जनना दाखवा, आणि एव्हीएममुळे फिट्स येत असतील तर त्यांची गोळी मनाने बंद करू नका.