एकशे साठ भागिले तीन

थंडीत पाणी तापवायला हजार वॅटचा हीटर रॉड घेतला. बादलीत सोडला, चहा झाला, पेपर वाचून झाला, शाळेची प्रार्थना चुकायची वेळ आली, तरी पाणी कोमटाच्या पुढे सरकेना. संध्याकाळी रॉड पिशवीत घातला आणि दुकानात परत द्यायला गेलो. साधं काम. पण दर्यापूरकडच्या आमच्या गावात कुठलाही व्यवहार दोघांत उरकत नाही. तिसरा कोणीतरी बाकड्यावर बसलेला असतोच.

दुकानदारानं आधी खाऱ्या पाण्यावर ढकललं. खारपाणपट्ट्यात दुकानदारांना ही कायमची सोय आहे. रॉडवर पांढरी पुटं चढतात, गरमी आतच कोंडते, कॉइल जळते, हे सगळं खरं. पण त्यासाठी रॉड आधी वापरावा तरी लागतो! माझ्या रॉडवरचं किमतीचं स्टिकरसुद्धा अजून शाबूत होतं. मी ते त्याच्या नाकासमोर धरलं. तो वळणारच होता, तेवढ्यात बाकड्यावरून आवाज आला.

"थांब बे. मास्तरले हिसाबानं दाखवू."

हे काकाजी. निवृत्त वायरमन. गळ्यात दुपट्टा, खिशाला पेनाच्या जागी टेस्टर. नोकरीतून सुटले, पण वीज काही त्यांना सोडत नाही. दिवसभर या दुकानात बसतात आणि गिऱ्हाइकांच्या विजेची कुंडली मांडतात. त्यांनी समोरच्या हॉटेलातून पाण्याची बादली मागवली, रॉड सोडला, बटण दाबलं आणि दुकानदाराचा करंट मोजायचा टाँग टेस्टर उघडून त्याचा चिमटा रॉडच्या वायरीला लावला. आकडा आला शून्य.

"करंटच घेत नाई रॉड!" कोणीतरी ओरडलं. एव्हाना माणसं जमली होती. मी दुकानदाराकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

"काय नाचता राजेहो," काकाजी म्हणाले. "दोन्ही तारा एकाच चिमट्यात धरल्या. जाणारा करंट अन् येणारा करंट एकमेकाले खाते. एक तार सुटी पायजे."

"अहो, कापू नका," म्हणेपर्यंत ब्लेड फिरलं होतं. वरची काळी साल वीतभर उभी चिरली गेली, आतल्या लाल-काळ्या तारा बाहेर आल्या. लाल तार चिमट्यात गेली. तीन अँपिअर. मग बोर्डावर मीटर लावला. शेजारची गिरणी चालू होती. एकशे साठ व्होल्ट.

"हं मास्तर, गुणा."

मी मराठी शिकवतो. वृत्त विचारा, समास सोडवायला सांगा. भर चौकात एकशे साठ गुणिले तीन मला का म्हणून?

"चारशे ऐंशी!" गर्दीतून माझ्याच दहावीतलं कार्टं बोललं. याला साधं शुद्धलेखन येत नाही.

"वॅट म्हण, वॅट. आता एकशे साठाले तिनानं भाग."

"त्रेपन्न आणि वर थोडं."

"ओहम. हा झाला रजिस्टन्स, करंटले होनारा अडथळा. आता रॉडवर काय लिवलं हाय? दोनशे तीस व्होल्ट, हजार वॅट. दोनशे तीसचा वर्ग कर अन् हजारानं भाग."

कार्ट्यानं मोबाइल काढला. "बावन्न पूर्णांक नऊ."

"मंग? जुळलं का नाई?" काकाजींनी चौकाकडे पाहून विचारलं. "रॉड इमानदार हाय. हजाराचाच हाय. लाईन हजाराची नाई त्याले तो काय करन? व्होल्टेज सत्तर टक्के झालं, की ताकद सत्तर नाई राहत बाप्पा, वर्गानं पडते. सत्तराचं सत्तर. निम्मीच उरली!"

चौक हसला. कोणाला हसला, ते मला विचारू नका.

मास्तराला असं वेड्यात काढणं ही काही आमच्याच गावची चाल नव्हे. ज्याच्या नावाचं हे माप, तो ओहमसुद्धा जर्मनीतल्या कोलोन शहरात शाळामास्तरच होता. 1827 मध्ये त्यानं व्होल्टेज, करंट आणि रेझिस्टन्सच्या भागाकाराचा हा नियम पुस्तकात छापला, तर घरच्याच विद्वानांनी नाकं मुरडली. त्यानं नोकरी सोडली. 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं कोपली पदक दिलं, तेव्हा कुठे लोकांना पटलं. माझं पदक कुठे अडकलंय कोणास ठाऊक.

पण हिशेब झोंबला तो घरी आल्यावर. वीस लिटर पाणी पंधरा अंशांवरून पंचेचाळीसवर न्यायला हजार वॅटला पाऊण तास पुरतो. चारशे ऐंशीला दीड तास. युनिटं दोन्हीकडे तेवढीच, पाऊणच्या आतबाहेर, उलट दीड तासात हवेत उडालेली ऊब जास्तीची. म्हणजे ताकद अर्धी, वेळ दुप्पट आणि बिल पूर्ण! नियमात व्होल्टेज सहा टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे दोनशे सोळापर्यंत. आमच्या डीपीवरून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरून, निघालेल्या बारीक तारेवर सकाळी अख्ख्या गल्लीचे रॉड, त्यात गिरणीची मोटर सुरू झाली की ट्यूबलाइट डोळे मिचकावते. तक्रार करा, तर म्हणतात लोड लिहून द्या. लोड लिहून द्या, तर म्हणतात गावात वीजचोरीचे आकडे फार. आकडे कोण टाकतं, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. थंड पाण्यानं आंघोळ करतो तो मीटरचं बिल भरणारा.

तर दुकानात. वायर कापलेला माल परत होत नाही, असं दुकानदारानं मोठ्या दुःखानं सांगितलं. मग लगेच सावरून, "स्टॅबिलायझर दाखवू का सर?" रॉडच्या किती पट किंमत, ते मी विचारलंच नाही, कारण काकाजी आधी बोलले.

"कायले? एकशे साठवर हजार वॅट काढाले तो सहा अँपिअरच्या वर ओढन. आता तीन ओढते. मंग शेजारच्याचं व्होल्टेज अजून पडन. तो बी स्टॅबिलायझर आणन."

"मग आणू दे की," दुकानदार म्हणाला.

एवढ्यात बादलीतलं पाणी कोमट झालं होतं. हॉटेलवाला आला, रॉड बाहेर काढून माझ्या हातात दिला आणि त्या पाण्यात त्यानं दिवसभराच्या कपबश्या बुचकळल्या. काकाजींनी चिरलेल्या वायरीवर काळी टेप गुंडाळली, चांगली गच्च, दातांनी तोडून.

"टेपचे दहा रुपये," दुकानदार म्हणाला.