पुढे फक्त एक घाटी आहे

पुण्याची समुद्रसपाटीपासून उंची 560 मीटर आणि समुद्राची शून्य. म्हणजे तिसरीच्या गणितानंसुद्धा पुणे ते हर्णै हा सगळा उतारच व्हायला पाहिजे. हे गणित आमच्या सायकल ग्रुपच्या लीडरनं अमृततुल्यात कटिंगचा ग्लास तिरका धरून मला दाखवलं, हे बघ चहा कुठल्या बाजूला जातो, आपण चहा आहोत. आणि मी, वय 47, गुडघ्याचा एक्सरे नुकताच काढलेला, सायकलवर आजवरची सगळ्यात मोठी मोहीम म्हणजे कात्रजला जाऊन मिसळ खाणे, मी हो म्हणालो. चहा आहोत तर वाहू की.

चार दिवसांचा बेत होता. ताम्हिणी उतरून माणगाव, मग श्रीवर्धन, मग खाडी ओलांडून केळशी, आणि शेवटी आंजर्ले-हर्णै करून दापोलीला एसटी स्टँड. जानेवारी महिना, आंब्याला मोहोर, हवा मस्त. सायकलला मागे दोन्ही बाजूंनी दोन पिशव्या, त्यांना पॅनिअर म्हणायचं, पिशव्या म्हटलं की लीडरला राग येतो. त्या पॅनिअरमध्ये बायकोनं भडंग, दशम्या, तीन प्रकारची मलमं आणि एक घडीची छत्री भरलेली. जानेवारीत छत्री कशाला म्हटलं तर म्हणाली, कोकण आहे, सांगता येत नाही. ही छत्री मी चार दिवस सह्याद्री आणि कोकणातून फिरवून परत आणली, तिचं वजन 380 ग्रॅम आहे हे मला आता कायमचं माहीत झालंय.

पौडच्या पुढे पहिला चहा घेतला तिथेच लोकांनी विचारायला सुरुवात केली, केवढ्याची? आता या सायकलची बायकोला सांगितलेली किंमत वेगळी, आईला सांगितलेली त्याहून कमी, आणि रस्त्यात विचारणाऱ्यांसाठी मी एक तिसरी किंमत ठरवली होती, सहा हजार. खरी सांगितली की माणूस आधी सायकलकडे बघतो, मग आपल्याकडे बघतो, मग एवढ्यात सेकंडहँड बाईक आली असती असं म्हणतो, आणि चहाची मजा जाते. सहा हजार म्हटलं की नुसतं बरं बरं म्हणून सोडतात. ही थाप पुढे मला कुठं नेणार होती ते तेव्हा कळलं नाही.

मुळशीच्या धरणाकाठचा रस्ता मात्र असा की थाप-बीप सगळं विसरायला होतं. सकाळचं धुकं पाण्यावर पडलेलं, पलीकडचे डोंगर नुसते पुसट. याच धरणाविरुद्ध शंभर वर्षांपूर्वी मावळ्यांचा सत्याग्रह झाला, बापटांचे सेनापती बापट झाले ते इथेच, आणि ज्या जमिनींसाठी झाला त्या आपण बघतोय या पाण्याखाली आहेत. मी थांबून जरा गंभीर होऊन बघत होतो तर एका वानरानं शिस्तीत येऊन पॅनिअरची चेन उघडली आणि दशम्यांची पुरचुंडी नेली. भडंगाला हात लावला नाही. छत्रीला तर नाहीच, मी जरा वाट पण बघितली.

ताम्हिणीचा उतार म्हणजे स्वर्ग असं सगळे सांगतात. असेल. मी तो सगळा दोन्ही ब्रेक दाबून उतरलो. गर्द झाडी, वळणावळणाला दरी, खाली कुंडलिकेचं खोरं, हे सगळं मी फोटोत बघितलं, घरी आल्यावर. प्रत्यक्षात मला फक्त समोरचं दहा फूट डांबर दिसत होतं. विळ्याला खाली पोचलो तेव्हा बोटं ब्रेकच्या आकारात वळलेली, ती सरळच होईनात, तशाच आकड्यासारख्या हातानं मी वडापाव खाल्ला. पण मनात मात्र आनंद, झालं, संपला सह्याद्री, 560 मीटर खर्च करून टाकले, आता उरला तो समुद्रकिनारा आणि किनारा म्हणजे सपाट.

इथं थांबून एक गोष्ट सांगायला पाहिजे जी मला कुणीतरी आधी सांगायला हवी होती. कोकणचा किनारा सपाट नसतो. नकाशावर तो सपाट दिसतो कारण नकाशा कागदावर छापतात. खरं म्हणजे वर जांभ्याचा सडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार असतं, आणि सह्याद्रीतून निघालेल्या त्या आखूड आखूड तापट नद्या त्याला जागोजाग चिरून खाडीत जातात. गाव खाली खाडीपाशी, नारळी-पोफळीत. पुढचं गाव पुढच्या खाडीपाशी. दोघांच्या मध्ये सडा. म्हणजे प्रत्येक गावातून निघताना वर चढायचं, वर कातळावर उन्हात भाजायचं, आणि पुढच्या गावात कोसळायचं. गाव आलं की शून्य मीटर. शून्यावर येऊन येऊन मी इतका कंटाळलो की आपण निदान दहा मीटरवर तरी रात्र काढूया असं लीडरला म्हणालो.

आणि या चढाला तिकडे घाटी म्हणतात. मला माहीत नव्हतं. मला घाटी म्हणजे आपण, घाटावरची माणसं, एवढंच माहीत. दिवेआगरच्या अलीकडे एका आजोबांना विचारलं, काका, पुढे रस्ता कसा आहे? तर म्हणाले, चांगला आहे, पुढे फक्त एक घाटी आहे. म्हटलं हो हो, लाल टी-शर्टवाला ना, तो आमच्यातलाच आहे. आजोबा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, पाणी पिणार काय?

पुढे कळलं की त्या 'फक्त एक' चा अर्थ एक असा नसतो. 'वायच चढ आहे' म्हणजे उतरून ढकलावी लागणार. 'जवळच आहे, हा काय' म्हणजे नऊ किलोमीटर. आणि 'घाटी आहे हो जराशी' असं स्वतः कोकणी माणूस म्हणाला तर मुकाट टेम्पो शोधावा.

श्रीवर्धनला मुक्काम. भट घराण्याचं गाव, देशमुखी होती त्यांची. बाळाजी विश्वनाथ इथून घाट चढून देशावर गेले आणि 1713 मध्ये पेशवे झाले. आम्ही देशावरून घाट उतरून इथं आलो आणि आमचं काय झालं तर लीडरला पायात गोळे आले आणि मला बसता येईना. नेमकं कुठं दुखतंय ते खानावळीच्या मावशींना सांगता येत नव्हतं, त्यांना वाटलं मला जेवण आवडलं नाही म्हणून मी उठून उभा राहतोय. शेवटी भिंतीला टेकून उभ्यानं सोलकढी प्यायलो. दुकानात खोबरेल तेल मागितलं तर दुकानदार म्हणाला, सायकलवाले काय? आणि न विचारता मोठी बाटली दिली. कोकणी माणूस कमी बोलतो पण त्याला सगळं कळतं.

तिसऱ्या दिवशी हरिहरेश्वर करून बागमांडल्याला आलो. इथं सावित्रीची खाडी. पलीकडे वेशवी, बाणकोटचा किल्ला, रत्नागिरी जिल्हा. मध्ये फेरीबोट. अख्ख्या प्रवासातला हाच काय तो माझा आवडता रस्ता, कारण तो सपाट होता आणि बोट चालवत होती. बोटीवर मोटारी, टेम्पो, एक नवरदेवाची फुलं लावलेली गाडी आणि आम्ही दोन सायकली. बाणकोटच्या किल्ल्याला इंग्रजांनी फोर्ट व्हिक्टोरिया नाव ठेवलेलं, आणि गंमत म्हणजे ती राणी व्हिक्टोरिया जन्मायच्या कितीतरी आधी. लीडर हे सगळं मला सांगत होता, मी कठड्याला टेकून डोळे मिटून हो हो करत होतो.

तेवढ्यात एक काका आले. पांढरा लेंगा-सदरा, हातात चिकूची पिशवी. सायकलभोवती एक प्रदक्षिणा घातली. टायर अंगठ्यानं दाबून बघितला. मग स्पोकवरून नख फिरवलं, टिर्रर्र आवाज झाला, तो मान तिरकी करून ऐकला, बैल विकत घेताना दात बघतात ना तसं.

"केवढ्याची?"

"सहा हजार," मी सवयीनं.

"सात देतो."

मला वाटलं चेष्टा. पण काकांनी सदऱ्याच्या आत हात घातला आणि खरंच प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या नोटा काढल्या. नातू आठवीत आहे, शाळा वर सड्यावर, रोज चालत जातो, अशी सायकल त्याला पाहिजेच आहे. हजार रुपये फायदा होतोय, घाटावरचा माणूस नाही कसं म्हणेल, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट. आता मी काय सांगणार? खरी किंमत सांगावी तर थापाड्या ठरणार, नाही सांगावी तर सौदा होणार. मी म्हटलं काका, सायकल दिली तर मी परत कसा जाऊ? तर म्हणाले, एसटी आहे की. लीडर मदत करायची सोडून खाडीकडे तोंड करून हसत होता, त्याचे खांदे हलताना दिसत होते. शेवटी, विचार करून सांगतो, असं म्हणालो, काकांनी माझा नंबर घेतला, लगेच मिस्ड कॉल देऊन खात्री केली, आणि चार चिकू दिले.

वेशवीच्या पुढे केळशीपर्यंत काय काय झालं ते मला तुकड्यातुकड्यानं आठवतंय. एक चढ होता. मग एक चढ होता. वेळासचा फाटा लागला तेव्हा लीडर म्हणाला नाना फडणवीसांचं गाव, आणि कासवांचं. मला दोन्हीत रस नव्हता, पण त्या सड्यावर सायकल ढकलता ढकलता माझी एक थिअरी तयार झाली ती सांगून ठेवतो. भट श्रीवर्धनचे, भानू म्हणजे नाना फडणवीस वेळासचे, पुढे मुरुडचे महर्षी अण्णा कर्वे. एवढी माणसं या एवढ्याशा पट्ट्यातून उठून देशावर का गेली याची कारणं इतिहासकार देतात, राजकारण, शिक्षण, गरिबी वगैरे. असतील. पण रोज उठून शेजारच्या गावात जायला घाटी चढायची तर माणूस एकदाच काय तो मोठा घाट चढून वर सपाटीला राहायला जाईल की नाही? त्या कर्व्यांनी तर लहानपणी परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत चालत जायचं केलं, शंभराच्या वर मैल, सह्याद्री ओलांडून. आणि तिथं पोचल्यावर वय लहान दिसतं म्हणून बसूच दिलं नाही. पुढे ते एकशेचार वर्षं जगले. मी 24 गिअरची सायकल ढकलत होतो आणि माझं वय कुणालाही लहान दिसत नव्हतं.

संध्याकाळी ॲपनं दिवसाची चढाई दाखवली, 1150 मीटर. म्हणजे पायथ्यापासून जवळजवळ दोनदा सिंहगड, आणि निघालो शून्यावरून, पोचलो शून्यावर. तिसरीच्या गणितात हे बसत नाही. केळशीला मात्र मोदक मिळाले, उकडीचे, ऑर्डर न देता, कुणाच्या तरी घरचं कार्य रद्द झालं होतं म्हणून उरलेले. सात खाल्ले, आणि बसून खाल्ले.

शेवटच्या दिवशी उटंबर, आडे, पाडले करत समुद्राला चिकटून रस्ता आहे, तो खरंच सुंदर आहे आणि तो मी खरंच बघितला. आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती. मूळचं देऊळ खाली किनाऱ्याला होतं म्हणतात, समुद्र आत आला तसा देव वर कड्यावर आला, वाटेत खडकावर त्याचं पाऊल उमटलंय ते दाखवतात. एकच पाऊल. बाकी सगळा चढ एका ढांगेत. मी त्या पावलासमोर हात जोडून उभा राहिलो आणि लीडरला म्हटलं, बघ, देव असून एकदाच चढला, परत नाही उतरला.

हर्णैला पाण्यात सुवर्णदुर्ग, काठावर मासळीचा वास, गार कोकम सरबत. मुरुडवरून आसूदला आलो. इथून दापोलीचा चढ. दापोली वर आहे, थंड हवेची, इंग्रजांनी उगाच तिथं कॅम्प टाकला नव्हता, त्यांच्याकडे घोडे होते. दोन्ही बाजूला पोफळीच्या बागा, पाटाचं पाणी खळाळतंय, सावली इतकी गर्द की दुपारी दिवा लावावा. मी सगळ्यात हलक्या गिअरवर. त्या गिअरवर पाय भराभरा फिरतात आणि सायकल जवळजवळ जागेवरच असते, शिवणाचं मशीन चालवल्यासारखं. एक कोंबडी मला ओव्हरटेक करून गेली. घाईत नव्हती. मग एका वळणावर मी उतरलो, सायकल जांभ्याच्या गडग्याला टेकवली आणि तिच्याकडे बघत बसलो. लीडर कधीच दिसेनासा झाला होता.

फोन वाजला. वेशवीचे काका.

"काय विचार केलात?"

म्हटलं, "काका, जरा चढात आहे, नंतर बोलतो."

"कुठल्या चढात?"

"आसूदच्या."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग काका अगदी मायेनं म्हणाले, "मग आता साडेपाचला द्याल."