काका, ढील द्या!

नवतपा लागला की नागपूरचा माणूस दोनच गोष्टींची वाट बघतो: कूलरच्या टाकीपुरतं तरी नळाला पाणी यावं, आणि संध्याकाळी वादळ सुटून जीव जरा गार व्हावा. वादळाला भिणारा आमच्या गल्लीत मी एकटाच. कारण माझ्या गच्चीवर वीस मीटर तांब्याची तार ताणलेली आहे आणि तिच्या मधोमध बारा मीटर केबल लोंबते.

मी हॅम आहे, म्हणजे हौशी रेडिओवाला; ती तार माझा अँटेना आणि केबल तिला घरातल्या रेडिओशी जोडते. हे सांगितलं की समोरचा विचारतो, "म्हणजे नेमकं काय करून राह्यले तुम्ही?" परीक्षा दिली, व्हीयू-थ्रीने सुरू होणारं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, मिळवलं आणि चाळीस मीटर बँडवर, म्हणजे चाळीस मीटरच्या आसपासच्या रेडिओलहरींवर, बोलू लागलो. परीक्षेत ओहमचा नियम विचारला होता. गाठ मारता येते का, हे कोणी विचारलं नाही. तिथेच घोळ झाला.

तारेचं एक टोक टाकीजवळच्या लोखंडी पाइपाला, दुसरं शेजारच्या काकूंच्या कडुनिंबाला. दोन्ही टोकं सतारीसारखी खेचून बांधली. सिग्नल वाया जाऊ नये म्हणून केबल जाड घेतली. मीटरला दीडशे ग्रॅम, म्हणजे बारा मीटरचं अठराशे ग्रॅम वजन सोल्डरच्या दोन थेंबांवर!

पहिल्याच वादळी संध्याकाळी कोल्हापूरच्या एका गृहस्थांशी गप्पा चालल्या होत्या. त्यांचा आवाज येई, जाई. अँटेनाकडून किती सिग्नल परत फिरतो ते दाखवणारा एस-डब्ल्यू-आरचा काटा अंगात आल्यासारखा नाचत होता. मी अनुभवी चेहरा करून रेडिओलहरी परत खाली धाडणाऱ्या, तीनशे किलोमीटर वरच्या आयनोस्फिअर नावाच्या थरावर आळ घेतला. बिघाड होता तीस फूट वर. केबल झोके घेत होती आणि दर झोक्याला जोडातलं तांबं थोडं थोडं मोडत होतं. ढग गडगडले तसा शहाण्यासारखा कनेक्टर काढून खिडकीबाहेर टाकला. एवढी एकच गोष्ट मी त्या दिवशी बरोबर केली.

सकाळी काकूंची हाक आली. "काऊन भाऊ, हा काळा साप तुमचाच का? कुरडयांवर पडून हाये!"

मग केबलच्या जागी शिडीसारखी चपटी फीडलाइन, म्हणजे दोन तारांची पट्टी, आणली. वजनाला हलकी, पण वाऱ्यात पताकेसारखी फडफडते. दर दोन फुटांना एक पीळ द्यावा म्हणजे वाऱ्याला सगळी पट्टी एकदम सापडत नाही, असं कळल्यावर मी दुपारभर पीळ देत बसलो. बायको म्हणाली, "लेकीची वेणी घाला म्हटलं तर हात दुखतात तुमचे." हॅम लोकांत बायकोला 'एक्स-वाय-एल' म्हणतात, म्हणजे माजी तरुणी. हा अर्थ घरी सांगायचा नसतो. मी सांगून बसलो आहे.

पीळ टिकला, पण तारच तुटली. वारा दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, आणि कडुनिंब डोलताना माझी परवानगी घेत नाही. मी तार जोडून आणखी घट्ट बांधायला लागलो, तर काकूंचा नातू भिंतीवर बसून बघत होता. वय वर्षं बारा, संक्रांतीला 'ओ काट' ओरडून घसा बसवणारा.

"काका, एवढं खेचून काऊन ठेवलं? ढील द्या ना! आणि कन्नी कुठाय?"

"कन्नी पतंगाला असते बेटा."

"मग हे काय हाये? हवेतच तर हाये."

मी निरुत्तर. त्याच्या सल्ल्याने, पण श्रेय न देता, सगळं नव्याने बांधलं. जाड केबल परत वर गेली. ती आधी तारेच्या मधल्या इन्सुलेटरला, म्हणजे वीज न वाहणाऱ्या तुकड्याला, वळसा घालून बांधली, म्हणजे वजन वळशावर आणि जोड मोकळा. सोबत नायलॉनची दोरी सोडली. ताण दोरीने घ्यायचा, केबलने फक्त वरातीतल्या पाहुण्यासारखं बरोबर चालायचं. बांधायला पट्ट्या काळ्या घेतल्या, कारण पांढऱ्या पट्ट्या आमच्या उन्हात बिस्किटासारख्या तुटतात. खिडकीशी केबलला खाली एक झोळ दिला, पाऊस तिथूनच टपकावा, घरात येऊ नये म्हणून.

राहिली ढील. कडुनिंबाला कप्पी लावली, तार दोरीने तिच्यावरून घेतली आणि दोरीला वजन टांगायचं ठरवलं. झाड डोललं की वजन वर, सरळ झालं की खाली. वजन काय टांगावं? मिक्सर आल्यापासून आईचा वरवंटा माळ्यावर बेकार पडला होता. कोणाच्या डोक्यात पडू नये म्हणून तो प्लॅस्टिकच्या जाड पाइपात सोडला. पाइपाला एक लांब खाच ठेवली, तिच्यातून तो दिसतो.

गेल्या आठवड्यात पुन्हा वादळ आलं. मी कनेक्टर काढून खिडकीत उभा राहिलो. कडुनिंब वेड्यासारखा हलत होता, वरवंटा खाचेत खालीवर करत होता आणि केबल जागच्या जागी झुलत होती. तेवढ्यात भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला, "अगं ए सूनबाई, वरवंटा भल्ला नाचून राह्यला! कुरडया उचल आधी!"

आता पूर्ण गल्ली त्याच्याकडे बघून वाळत घातलेले कपडे काढते.