इतिहास फेरीत भुयाराची गोष्ट का सांगितली नाही: एका अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

स्काऊट पथकाबरोबर पालक म्हणून तुम्ही आमच्या इतिहास फेरीला आलात आणि दोन तारे देताना कारणंही सविस्तर लिहिलीत, त्याबद्दल आभार. तुमची तक्रार थोडक्यात अशी: दोन तासांत जेमतेम चार गल्ल्या झाल्या, मार्गदर्शक माहिती देण्याऐवजी मुलांनाच प्रश्न विचारत राहिला, मुलांची डोकी मोजण्यात वेळ गेला आणि सगळे जिची वाट पाहत होते ती भुयाराची गोष्ट सांगितलीच नाही.

भुयाराची गोष्ट आम्ही मुद्दाम सांगत नाही. जुन्या वस्तीत फिरताना ‘इथे जमिनीखाली भुयार आहे’ अशी गोष्ट हमखास कानावर येते, पण चौकशी करत गेलं की स्वतः पाहिलेलं कोणी भेटत नाही. पाहिलेल्याकडून ऐकलेले मात्र पुष्कळ भेटतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाला ती छातीठोकपणे सांगितली की त्याच्या डोक्यात ती इतिहास म्हणून पक्की बसते. म्हणून मार्गदर्शकाने विचारलं, की भुयार खरंच असेल तर काय काय सापडायला हवं? एवढी माती कुठे टाकली असेल? आत हवा कशी येत असेल? नदीजवळ पाणी झिरपू नये म्हणून काय केलं असेल? तुम्हाला ही टाळाटाळ वाटली. माझ्या मते फेरीतला तो सर्वांत मोलाचा भाग होता, कारण मुलं आपसात वाद घालायला लागली आणि पुरावा मागायला लागली.

एका जुन्या भिंतीपाशीच पाऊण तास गेला, हेही खरं. पण मुलांनी तिथे काय पाहिलं ते सांगतो. खालच्या थरातल्या दर्जा, म्हणजे विटांमधल्या फटी, चुन्याच्या, मऊसर, नखाने उकरतील अशा (उकरायला अर्थातच मनाई होती). वर एका पट्ट्यात करड्या, टणक सिमेंटने भरलेल्या. अशा करड्या सिमेंटचं, म्हणजे पोर्टलंड सिमेंटचं, पेटंट जोसेफ ॲस्पडिनने १८२४ साली घेतलं, म्हणजे तो पट्टा त्यानंतरचाच, एवढं मुलांनी स्वतः ठरवलं. मग एकाच्या लक्षात आलं की विटा नेमक्या सिमेंटच्या कडेनेच फुटल्या आहेत. चुन्यातून भिंतीतला ओलावा बाहेर पडतो. सिमेंट तो अडवतं, मग तो विटेतून वाट काढतो आणि वीट झडते. चांगल्या हेतूने केलेली डागडुजी भिंतीलाच कशी मारक ठरते, हे त्यांना भाषणातून कळलं नसतं. पुढे बुजवलेलं दार आणि मध्यभागी झिजलेल्या पायऱ्या त्यांनी आपणहून शोधल्या. या जागी वर्दळ होती, मग दार का बुजवलं? त्याचं उत्तर आमच्याकडे नाही आणि मार्गदर्शकाने तसं सरळ सांगितलं.

स्काऊट पथकासाठी हीच पद्धत योग्य आहे, असं मी ठामपणे मानतो. स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं, तेव्हा मुलांचे चार संघ केले होते आणि निरीक्षण, माग काढणं हा शिक्षणाचा महत्त्वाचा भाग होता. आम्हीही म्हणूनच संघनायकाच्या हाती नकाशा देतो, अंतर पावलांनी मोजायला लावतो आणि वाट चुकली तरी लगेच हाक मारत नाही.

डोकी मोजण्याबद्दल मात्र काही बदलणार नाही. प्रत्येक रस्ता ओलांडल्यावर मोजणी होईल, एक मोठा माणूस पुढे आणि एक सर्वांत मागे असेल.

सलग कथन ऐकायला आवडणाऱ्यांसाठी आमची वेगळी फेरी आहे. त्यात जास्त ठिकाणं होतात, माहिती मार्गदर्शक देतो आणि मुलं पालकांबरोबर येतात. पथकाची नोंदणी करताना शिक्षकांना दोन्हींतला फरक आम्ही सांगतो. यापुढे तो सोबत येणाऱ्या पालकांनाही आधी लेखी कळवू. मुलांनी काढलेला नकाशा पथकाच्या शिक्षकांकडे दिला आहे, तो जरूर पाहा.