बंद केला म्हणजे बंद होत नाही

14 ऑक्टोबर 2025ला विंडोज 10चा सपोर्ट संपला. बाबांनी बातमी इतकी मनावर घेतली, की त्या दिवशी त्यांनी लॅपटॉप उघडलाच नाही. जुन्या प्रोसेसरमुळे विंडोज 11 त्याला चालेना. माझ्या भाच्याचा फोन आला, "मामा, विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाक. वीस मिनिटांचं काम आहे."

खोटं नाही ते. इन्स्टॉलेशन तेवढंच चालतं. पण त्याआधी लॅपटॉपला पटवावं लागतं, की बाबा रे, तुझ्या कुशीत एक पेनड्राइव्ह खुपसलाय, जरा बघ तरी.

मिंट ज्यातून इन्स्टॉल होतं ती आयएसओ फाइल एरवी पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली, तर लॅपटॉप तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही; रुफस किंवा एचर अशा प्रोग्रामकडून ती रीतसर लिहून घ्यावी लागते. भाच्याने व्हेंटॉय नावाचं तिसरं साधन सुचवलं. ते एकदा पेनड्राइव्हवर बसवलं की मग फाइल कॉपी केली तरी भागतं. इथवर सगळं सुरळीत.

मग बूट मेन्यू, म्हणजे लॅपटॉपने कुठून सुरू व्हायचं ते निवडायची यादी. तो उघडायची कळ कुठे एफ12, कुठे एफ9, कुठे एस्केप. ती दाबायची वेळ म्हणजे लोगो दिसतो तेवढीच, आणि लोगो पापणी लवेपर्यंत गायब. म्हणून मी वरची सगळी ओळच बडवत सुटलो. आई आतून म्हणाली, "हार्मोनियमचा क्लास लावलायस का रे?" दरवेळी समोर विंडोज हजर, तेही हसतमुखाने.

गोम फास्ट स्टार्टअपमध्ये होती. शट डाउन म्हटलं तरी विंडोज आपला गाभा डिस्कवर जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तिथूनच उठतं. खरोखर बंद करायचं असेल, तर म्हणायचं रिस्टार्ट! हे ज्याला सुचलं त्याने सरकारी खात्यात उमेदवारी केली असणार.

रिस्टार्ट केल्यावर एफ12 लागू पडलं. यादीत पेनड्राइव्ह दिसला, मी एंटर मारला आणि निळ्या पडद्यावर उमटलं, 'व्हेरिफिकेशन फेल्ड, सिक्युरिटी व्हायोलेशन'.

बाबांनी हळूच विचारलं, "पोलिसांत कळवलंय का त्याने?"

हा सिक्युअर बूट, लॅपटॉपचा पहारेकरी. ओळखीची सही असल्याशिवाय कुणाला आत सोडत नाही, आणि व्हेंटॉयची सही त्याच्या ओळखीची नव्हती. ती नोंदवायला पडदा 10 सेकंदांची मुदत देतो. त्यात कुठलीही कळ दाबली, की पेनड्राइव्हवरची योग्य फाइल शोधायची. तिचं नाव 'एनरोल धिस की इन मॉक मॅनेजर'; मॉक मॅनेजर म्हणजे हा सही नोंदवायचा पडदाच. संगणकाच्या दुनियेत इतकं सरळ बोलणारी फाइल मी दुसरी पाहिलेली नाही. मला तर गहिवरून आलं.

आणि मिंट उघडलं! पेनड्राइव्हवरूनच, आतल्या डिस्कला धक्का न लावता. बाबांनी वायफाय जोडून पंचांगही पाहिलं. खूश होते. मग मी इन्स्टॉल सुरू केलं आणि 'इरेज डिस्क' हे शब्द त्यांनी चष्मा लावून वाचले.

"इरेज? सोसायटीचा सगळा हिशेब आहे त्यात!"

हिशेबाची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर मी केव्हाच घेतली होती, उघडून दाखवलीही. पण बाबांना ती कागदावर हवी. आणि प्रिंटर फक्त विंडोजचंच ऐकतो, अशी त्यांची ठाम समजूत. म्हणून पेनड्राइव्ह काढून आम्ही पुन्हा विंडोजमध्ये. छपाई चालू आहे. सध्या 2019चा पाणीपट्टीचा तक्ता निघतोय.