‘ताप नाही म्हणून घरी पाठवलं’ : आपल्या एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

पाच वर्षांनी लिहिलंत, पण लिहिलंत ते बरं झालं. आपलं म्हणणं थोडक्यात असं : मे २०२० मध्ये वडिलांना जुलाब होत होते, अंगात त्राण नव्हतं, दोन दिवस घास घशाखाली उतरत नव्हता. आमच्या दारात त्यांच्या कपाळासमोर थर्मल गन धरली, ‘ताप नाही’ म्हणून साध्या ओपीडीत बसवलं आणि जुलाबाच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी धाप लागली म्हणून परत आणलं ते थेट ऑक्सिजनवर. ‘कोरोनाची लक्षणंसुद्धा माहीत नसलेलं हॉस्पिटल’ हे आपलं शेवटचं वाक्य. केसपेपरवरचं बाकी काही मला इथे लिहिता येणार नाही. आपण लिहिलंय तेवढ्यावरच बोलतो.

चूक आमची होती. पण गन धरणाऱ्या मुलाला निष्काळजी म्हणालात, ते पटलं नाही. त्याच्या हातातल्या फॉर्मवर तीनच चौकटी होत्या : ताप, खोकला, दम. तो फॉर्म मार्चमध्ये मी स्वतः बनवला होता. त्याने सांगितलं तेवढं इमानदारीने केलं.

जानेवारी २०२० मध्ये वुहानच्या ४१ भरती रुग्णांची माहिती छापून आली होती. ९८ टक्क्यांना ताप, ७६ टक्क्यांना खोकला, निम्म्याहून थोड्या जास्त जणांना दम. जुलाब जेमतेम ३ टक्के. ९ मार्चला आपल्या पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले तेव्हा आम्हा सगळ्यांच्या डोक्यात हेच चित्र होतं. टेस्टिंगचे सरकारी निकषही ताप-खोकला-दम याच्याभोवतीच फिरत होते.

इथवर माझी बाजू. पुढचं माझ्या अंगावर येतं. फेब्रुवारीअखेर चीनमधल्या १०९९ रुग्णांचा अभ्यास आला. भरती होताना ताप होता फक्त ४३.८ टक्क्यांना, पुढे वॉर्डात असताना तो ८८.७ टक्क्यांना आला. म्हणजे दारातल्या गनसमोरून निम्म्याहून जास्त पेशंट आरामात आत जाणार. एप्रिलमध्ये न्यूयॉर्क परिसरातल्या ५७०० भरती रुग्णांचे आकडे आले, त्यात सुरुवातीच्या तपासणीत ताप ३०.७ टक्क्यांनाच. हे दोन्ही मी वाचलं होतं, डॉक्टरांच्या ग्रुपवर पुढेही ढकललं होतं. फॉर्म मात्र तोच राहिला. त्यात घरून निघताना पॅरासिटामॉल घेतलेली असली तर गन बिचारी काय दाखवणार? आम्ही ते विचारतही नव्हतो.

दम ही चौकटसुद्धा फसवी निघाली. त्याच सुमारास एक गृहस्थ कॉटवर बसून मोसंबी सोलत होते, मुलीशी फोनवर गप्पा चालू होत्या. सिस्टरने बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ८२. मशीन बिघडलं असं वाटून तिने ते स्वतःच्या बोटाला लावलं : ९८. परत त्यांना लावलं, ८१. ‘दम लागतोय का?’ विचारलं तर म्हणाले, ‘छे, मला कसला दम!’ त्या दिवसानंतर आत येणाऱ्या प्रत्येकाला ऑक्सिमीटर आणि शंका आली तर पॅसेजमध्ये सहा मिनिटं चालवून पुन्हा एकदा, असं सुरू केलं. हे आपल्या वडिलांच्या पहिल्या फेरीला असतं तर कदाचित तेव्हाच कळलं असतं. ‘कदाचित’ म्हणतोय, कारण पहिल्या दिवशी सॅच्युरेशन चांगलं असून आठवडाभराने ढासळणारेही खूप पाहिले.

वास जाण्याचं तर विचारूच नका. एक बाई सांगत होत्या की फोडणी करपली, शेजारीण ओरडत आली तेव्हा कळलं. आम्ही ते ‘इतर’मध्ये लिहून मोकळे झालो. आरोग्य मंत्रालयाच्या लक्षणांच्या यादीत वास आणि चव जाणं आलं ते १३ जूनला. वयस्कर माणसांचं आणखी वेगळं : ना ताप, ना खोकला, नुसतं जेवण बंद आणि मधूनच बरळणं. घरचे म्हणायचे, वयामुळे असेल. आम्हीही कधीकधी तेच म्हणालो.

बिलाबद्दलही आपली तक्रार आहे, त्याचं उत्तर : २१ मेच्या सरकारी आदेशाप्रमाणे साध्या विलगीकरण वॉर्डला दिवसाला ४००० रुपये हा दर होता, तोच लावलाय. पीपीई किट त्यात धरलेलं नव्हतं, म्हणून ती ओळ वेगळी दिसते. किटची संख्या जास्त वाटत असेल तर बिल घेऊन या, अकाउंटंटसमोर बसून मोजू. जास्त लागलं असेल तर परत करीन.

रिव्ह्यू काढा किंवा स्टार वाढवा असं म्हणणार नाही. वडील आता मोतीबिंदूच्या ऑपरेशनलाही ‘तिथे नको’ म्हणतात असं लिहिलंय. जरूर दुसरीकडे करा. फक्त भूलतज्ज्ञांना दाखवायला त्या वेळचं डिस्चार्ज कार्ड आणि छातीचे रिपोर्ट सोबत न्या. सापडत नसतील तर रेकॉर्डमधून प्रती काढून ठेवतो, त्याचे पैसे नाहीत. दुपारी दोन ते चार मी केबिनमध्येच असतो.

— हॉस्पिटलचा मालक आणि त्या वेळचा ड्यूटी डॉक्टरही