‘सोलापुरात सेमीच घ्या’ या मेसेजला उत्तर

दिवाळीच्या ऑफर लागल्या की आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. शब्द इकडेतिकडे होतात, मुद्दे तेच राहतात. सोलापुरात वॉशिंग मशीन घ्यायचं तर सेमी-ऑटोमॅटिकच घ्या, ऑटोमॅटिक म्हणजे पैसे पाण्यात. का? तर त्याला पाणी दुप्पट लागतं. चोवीस तास नळ नसेल तर ते चालतच नाही. बोअरच्या पाण्याने सहा महिन्यांत बसतं. हीटरमुळे लाइट बिल दुप्पट येतं. सोलापुरी चादर त्यात निघत नाही. आणि एवढं सगळं सांगून शेवटी पुन्हा सल्ला असतोच: ऑटोमॅटिक घ्यायचंच असेल तर सगळ्यात मोठं, इन्व्हर्टरवालं आणि दहा वर्षं वॉरंटीवालं घ्या, म्हणजे लाइट गेली तरी काळजी नाही.

मेसेज लिहिणाऱ्याला सोलापूर चांगलं ठाऊक आहे, यात शंका नाही. नळाची पाळी, बोअर, चादर, सगळं बरोबर हेरलंय. मशीन मात्र त्याने आतून पाहिलेलं दिसत नाही.

‘ऑटोमॅटिकला पाणी दुप्पट लागतं.’ कोणत्या ऑटोमॅटिकला? वरून कपडे टाकायचं टॉप लोड आणि पुढून दार असलेलं फ्रंट लोड यांची पाण्याची गरज सारखी नसते. टॉप लोडमध्ये कपडे पाण्यात बुडून फिरावे लागतात, म्हणून टब भरावाच लागतो, आणि तोही खळबळण्यासाठी पुन्हा पुन्हा. सात-आठ किलोच्या मशीनला एका पूर्ण धुण्याला साधारण 100 ते 150 लिटर लागतात. फ्रंट लोडचा ड्रम आडवा असतो. पाणी फक्त तळाशी असतं, कपडे वर उचलले जाऊन त्यात आपटत राहतात. तेवढ्याच कपड्यांना त्यात साधारण 50 ते 60 लिटर पुरतात. म्हणजे मेसेजमध्ये ज्या ऑटोमॅटिकला शिव्या घातल्यात, त्यातलंच फ्रंट लोड पाणी सर्वांत कमी पितं.

आणि सेमी? त्याचा टब एकदा भरायला चाळीस-पन्नास लिटर तरी लागतात. साबणाचं एक पाणी आणि खळबळण्याची दोन धरली तर हिशेब टॉप लोडच्या जवळ जातो. तरीही सेमीवाल्या घरात पाणी वाचतं हे खरं आहे, कारण त्या घरातली बाई आधी पांढरे कपडे काढते, त्याच साबणाच्या पाण्यात रंगीत टाकते, मग पोरांच्या युनिफॉर्मच्या पँटी आणि सरतेशेवटी पायपुसणी. ही बचत तिच्या डोक्याची आणि हातांची आहे. ती सोडून दिली तर सेमी मुळीच काटकसरी नाही. दुकानात गेलात तर स्टार लेबल वाचा. किलोमागे वीज किती आणि पाणी किती, हे दोन्ही आकडे तिथे बघायला मिळतात. नुसते तारे मोजून परत येऊ नका.

‘चोवीस तास नळ लागतो.’ उजनीचं पाणी नळाला काही दिवसांआड येतं, ही आपली जुनीच कथा. पण सोलापुरात मशीन थेट महापालिकेच्या नळाला जोडतं कोण? पाणी आलं की हौदात, हौदातून मोटरने गच्चीवरच्या टाकीत, आणि टाकीतून घरात. मशीनला नळाची वेळ कळत नाही, त्याला कळतो तो टाकीचा दाब. खरी अडचण इथे आहे आणि तिचा मेसेजमध्ये पत्ता नाही.

पाण्याची 10 मीटर उंची म्हणजे ढोबळमानाने 1 बार दाब. बऱ्याच फ्रंट लोडच्या माहितीपुस्तिकेत किमान 0.3 ते 0.5 बार दाब मागितलेला असतो. आता आपली घरं बघा. जुळे सोलापुरात एकमजली बैठं घर आहे, टाकी स्लॅबवर ठेवलेली. टाकीच्या तळापासून मशीनच्या नळापर्यंत उंची भरते जेमतेम दोन-अडीच मीटर, म्हणजे पाव बार. मशीन पाणी घेत राहतं, घेत राहतं, आणि शेवटी पाणी येत नाही असा कोड दाखवून थांबतं. मेकॅनिक येतो, मशीन ठीक आहे म्हणतो आणि व्हिजिटचे पैसे घेऊन जातो. दुमजली घरात तेच मशीन तळमजल्यावर ठेवलं तर मुकाट चालतं. अपार्टमेंटमध्ये सर्वांत वरच्या मजल्यावरच्यांनी हे आधी तपासावं. टाकी त्यांच्याच डोक्यावर असते, तरी दाब त्यांनाच सर्वांत कमी मिळतो.

यावर उपाय आहेत. टाकीखाली मीटरभर उंच स्टँड बांधलं तर दाब 0.1 बारने वाढतो, त्याहून जास्त नाही. त्यामुळे ‘स्टँड बांधा, सगळं ठीक होईल’ म्हणणाऱ्या गवंड्याचं ऐकताना हा आकडा लक्षात असू द्या. छोटा प्रेशर पंप बसवता येतो. कमी दाबावर पाणी घेणारी टॉप लोडही मिळतात, पण किती दाबावर, हे सेल्समनच्या तोंडून ऐकण्यापेक्षा पुस्तिकेत बघावं. आणि घरातल्या घरात एक चाचणी: मशीन ज्या नळाला जोडणार त्या नळाखाली दहा लिटरची बादली लावा. ती मिनिटभरात भरत नसेल तर आधी प्लंबर, मग दुकान. हौदातला गाळ टाकीत येतो आणि मशीनच्या पाण्याच्या पाइपला असलेल्या बारीक जाळीत अडकतो. ती जाळी अधूनमधून काढून धुतली तरी निम्म्या तक्रारी येत नाहीत.

एक गोष्ट मात्र सेमीच्या बाजूने मान्य केलीच पाहिजे. टाकी कोरडी पडली तर ऑटोमॅटिक अर्ध्यात अडकतं, साबणाचे कपडे पोटात घेऊन. सेमीत बादलीने पाणी ओतता येतं. ज्या घरात टाकीच नाही, पिंपातून काम चालतं, त्यांच्यासाठी हा मुद्दा सगळ्यावर भारी आहे.

‘बोअरच्या पाण्याने सहा महिन्यांत बसतं.’ आपल्याकडचा खडक काळा बेसॉल्ट. त्यातून झिरपून आलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात, त्यांनाच पाण्याचा कठीणपणा म्हणतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. कपड्यांसाठी 600 चं पाणी म्हणजे कठीण काम, हे खरं.

पण ते नुकसान कुठे करतं? क्षारांचा पांढरा थर बसतो तो मुख्यतः पाणी तापवल्यावर, म्हणून तो हीटरवर जमतो. रोजचे कपडे साध्या पाण्याच्या प्रोग्रॅमवर धुतले तर हीटर चालूच होत नाही. अधूनमधून गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावत असाल तर काही महिन्यांनी लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, रिकाम्या ड्रममध्ये टाकून पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मशीन गरम पाण्यावर फिरवा. थर निघतो. सेमीला हीटर नसतो, म्हणून त्याला हा त्रास नाही, हे बरोबर. पण टॉवेल ताठ होणं, पांढरा शर्ट राखाडी दिसू लागणं, हे मशीनमुळे होत नाही, पाण्यामुळे होतं. ते सेमीतही होतं आणि मोरीतल्या दगडावर धुतलं तरी होतं. कठीण पाण्यात पावडर थोडी जास्त लागते. फ्रंट लोडला मात्र कमी फेसाचीच पावडर घाला. बादलीची पावडर घातली की फेसाने ड्रम भरतो आणि मशीन खळबळतच बसतं.

दुकानदार टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवतात, त्याला भुलू नका. तो पाण्यात विरघळलेल्या सगळ्याच क्षारांचा अंदाज देतो, कठीणपणा वेगळा मोजावा लागतो. मशीनबरोबर नळाला लावायला जो छोटा फिल्टर गळ्यात मारतात, त्यातले दाणे बहुधा क्षार काढून टाकत नाहीत, थर बसणं मंदावतात. ते झिजून संपतात आणि पुन्हा भरावे लागतात. घेऊ नका असं नाही, पण पाणी गोडं होईल या आशेने घेऊ नका.

‘हीटरमुळे बिल दुप्पट.’ हिशेब करून टाकू. फ्रंट लोड धुण्यासाठी तापवतं ते पाणी साधारण 15 लिटर. ते 25 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला 0.6 युनिट वीज लागते. ड्रम आणि कपडे तापण्याची थोडी भर धरा. गीझरमध्ये एवढंच पाणी तापवलं तरी तेवढीच वीज जाते, आणि गीझर तर रोज लागतो. साध्या पाण्याच्या धुण्याला हा खर्चच नाही, मोटरपुरती किरकोळ वीज जाते. शिवाय एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या काळ्या टाकीतून दुपारी जे पाणी येतं त्याने हात भाजतो. 40 अंशांचा प्रोग्रॅम लावला तरी हीटरला काम उरत नाही. सोलापूरच्या उन्हाचा एवढा एक तरी फायदा घ्यावा.

उन्हावरून आठवलं. 1400 आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 1400 फेऱ्यांच्या, पिळणीसाठी जास्त पैसे मागतात. मुंबई-कोकणात दमट हवेत त्याला अर्थ आहे. इथे गच्चीवर वाळत घातलेला शर्ट चहा होईपर्यंत कडक होतो. तो पैसा दाबाच्या पंपावर घाला.

‘सोलापुरी चादर निघत नाही.’ निघते, पण कशी टाकायची ते माहीत हवं. जॅकार्ड मागावर विणलेली जाड सुती चादर पाणी भरपूर पिते आणि ओली झाली की कोरड्या वजनाच्या दुपटी-तिपटीवर जाते. फ्रंट लोडमध्ये एकटीच चादर टाकली तर ती गोळा होऊन ड्रमच्या एका बाजूला बसते, तोल जातो, आणि मशीन पिळायचं सोडून पुन्हा पुन्हा पसरवायचा प्रयत्न करतं. लोक म्हणतात, बघा, चादर चालत नाही. दोन चादरी एकत्र टाका, किंवा एका चादरीबरोबर दोन-तीन टॉवेल. वजन सगळीकडे वाटलं जातं आणि पिळणी लागते. नवी लाल, मरून, निळी चादर पहिल्या काही वेळा वेगळीच धुवा, रंग जातो. धाग्याची कुसं निघतात, म्हणून त्यानंतर फिल्टर साफ करा.

आता सेमीत काय होतं ते बघू. धुतलेली, पाण्याने निथळणारी चादर हाताने उचलून शेजारच्या पिळणीच्या अरुंद टबात कोंबावी लागते. डबलची असेल तर ती एका बाजूला फुगते आणि मशीन धडधडत चालायला लागतं. मग झाकण उघडा, चादर काढा, पुन्हा बसवा. हे उचलणं कोण करतं? मेसेजच्या एका आवृत्तीत ‘ऑटोमॅटिकमुळे बायकांचा व्यायाम जातो’ असं हसण्याच्या इमोजीसकट लिहिलंय. लिहिणाऱ्याने एका रविवारी घरातल्या सगळ्या चादरी सेमीतून स्वतः काढाव्यात, आणि मग सोमवारी ग्रुपवर यावं. घरात सासूबाईंची कंबर धरलेली असेल, तर पाणी, वीज, किंमत या सगळ्याच्या आधी हा विचार यायला हवा. फ्रंट लोडसाठी वाकावं लागतं, ही तक्रारही खरी आहे. मशीन मजबूत स्टँडवर ठेवून ती बरीच कमी होते, नाहीतर टॉप लोड बघावं.

‘सगळ्यात मोठं, इन्व्हर्टरवालं, दहा वर्षं वॉरंटीचं.’ किलोचा आकडा कोरड्या सुती कपड्यांचा असतो, आणि तोही पूर्ण प्रोग्रॅमवर. झटपट प्रोग्रॅमला त्याच्या निम्मेही कपडे टाकायचे नसतात. पाच माणसांच्या घराला सात-आठ किलो पुरतं. चादरी भरपूर असतील तर आठच्या थोडं पुढे जा. कारण नसताना दहा-बारा किलोचं घेऊन त्यात रोज चार कपडे फिरवले तर पाणी आणि वीज वायाच जाते.

इन्व्हर्टर हा मोटरचा वेग कमीजास्त करणारा भाग आहे. घरच्या बॅटरीच्या इन्व्हर्टरशी त्याचं नावापुरतंच नातं. लाइट गेली की मशीन बंद. वॉरंटीचे ते दहा वर्षं बहुतेक वेळा फक्त मोटरचे असतात, आणि मोटर सहसा जात नाही. जातं ते कंट्रोल कार्ड, व्होल्टेजच्या चढउताराने नाहीतर आत शिरलेल्या पालीमुळे. त्याची वॉरंटी किती वर्षांची, एवढं विचारा. खालून उंदीर शिरू नये म्हणून जाळी आहे का, तेही वाकून बघा.

मग सेमी कुणी घ्यावं? भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी, ज्यांना दर वर्षी-दोन वर्षांनी सामान हलवावं लागतं. ज्यांच्याकडे गच्चीवर टाकी नाही त्यांनी. आणि ज्यांचं बजेट तेवढंच आहे त्यांनी, बिनधास्त. त्यांना कुणी नावं ठेवायचं कारण नाही.

पाण्यावर एवढं बोलणाऱ्या मेसेजमध्ये सांडपाण्याबद्दल चकार शब्द नाही, हे मला सर्वांत जास्त खटकलं. फ्रंट लोडला पाणी बाहेर फेकणारा पंप असतो. त्याच्या पाइपचं तोंड बहुतेक मशीनमध्ये जमिनीपासून 60 ते 100 सेंटिमीटर उंचीवर ठेवायला सांगतात, त्यामुळे तो शेजारच्या पिंपावर लावून खळबळलेलं पाणी साठवता येतं आणि ते संडासाला, फरशीला, अंगण धुवायला वापरता येतं. सेमीत आणि बऱ्याच टॉप लोडमध्ये पंप नसतो, पाणी आपल्या उताराने जातं आणि पाइप जमिनीलगतच ठेवावा लागतो. पिंपात घ्यायचं तर मशीनच ओट्यावर चढवावं लागेल. टॉप लोड घेताना ‘ड्रेन पंप आहे का’ असं विचारून घ्या. नवी पेठेत चार दुकानं फिरलात तरी दुकानदार हे आपणहून सांगायचा नाही.